टेकन, स्ट्रीट फायटर: ट्रेनिंगमध्ये निघते, मॅचमध्ये काऊन निघत नाही?

"दादा, घरी तं दहापैकी दहा वेळा निंघते. इथं मॅच लागली का हातच चालत नाही."

हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला माझं मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या खोलीत दोन पीएस-फोर (प्लेस्टेशन 4 कन्सोल) आणि एक पीसी मांडलाय, त्यांवर टेकन 7 आणि स्ट्रीट फायटर 6 हे दोघांच्या मारामारीचे व्हिडिओ गेम चालतात. संध्याकाळी गावातले पोट्टे येतात, सुट्टीच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतले येतात. काहींनी कॉम्बो (एकामागोमाग जोडलेले फटके) इतका घोटलेला असतो की डोळे मिटून काढतात. मग समोर माणूस बसतो आणि तोच पोरगा एकाच लाथेनं तीनदा पडतो.

दुरुस्तीच्या धंद्यात एक शिस्त असते. गिऱ्हाईक "चार्ज होत नाही" म्हणालं की आधी बोर्ड उघडायचा नाही. आधी केबल बदलून पाहायची, मग अडॅप्टर, मग पोर्ट साफ करायचा. फुकट आणि सोपं ते आधी. खेळातला हा बिघाडही मी तसाच शोधतो. बहुतेक वेळा दोष सरावाच्या पद्धतीत निघतो, तरी सुरुवात मी पॅडपासूनच, म्हणजे हातातल्या कंट्रोलरपासूनच करतो. बिघडलेल्या पॅडवर महिनाभर मेहनत केली तर अंगठ्याला चुकीचीच सवय लागते, आणि ती मोडायला पुढं दोन महिने जातात.

आधी लक्षण नीट सांगा

"मी हरतो" हे लक्षण झालं नाही. नेमकं काय होतं ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी साधारण अशा असतात:

- मूव्ह डाव्या बाजूनं निघते, उजव्या बाजूला गेलं की निघत नाही.
- हाडोकेन (हातातून सोडायचा ऊर्जेचा गोळा) मागितला तर नुसता पंच येतो. कधी बटण दाबूनही काहीच होत नाही.
- दुकानात जमतं, घरच्या टीव्हीवर सगळं उशिरा होतं.
- सकाळी खेळ हलका चालतो, दुपारी जड होतो.
- समोर बसून खेळताना ठीक, ऑनलाइन गेलं की गडी अचानक इकडून तिकडे दिसतो.
- उडी मारून आलेला गडी दिसतो, पण हात हलेपर्यंत तो लाथ घालून मोकळा झालेला असतो.
- समोरच्यानं अडवलंय हे दिसत असतं, तरी अख्खा कॉम्बो दाबला जातो आणि शेवटी उलटा मार बसतो.
- पहिला राउंड जिंकतो, पुढचे दोन हरतो.

पहिल्या दोन तक्रारी अंगठ्याच्या किंवा पॅडच्या. मधल्या तीन यंत्राच्या आणि नेटच्या. शेवटच्या तीन सरावाच्या. तुमची कोणती ते ठरवा, पण तपासणी वरूनच सुरू करा.

बाजू बदलून पाहा (खर्च शून्य, वेळ 2 मिनिटं)

ट्रेनिंग मोड (खेळातली एकट्यानं सराव करायची सोय) उघडला की तुमचा गडी डावीकडे उभा असतो. बहुतेक पोट्टे तिथेच तासन्‌तास घालवतात. मॅचमध्ये मात्र अर्धा वेळ तुम्ही उजवीकडे असता आणि प्रत्येक मूव्ह उलटी फिरवावी लागते. अंगठ्यासाठी ती वेगळीच हालचाल आहे. डावीकडे अंगठा बाहेरून आत ढकलता, उजवीकडे आतून बाहेर ओढता.

दोन्ही बाजूंनी 20-20 वेळा तीच मूव्ह काढा आणि मोजा. डावीकडे 19 आणि उजवीकडे 11 आल्या तर तुमचं उत्तर इथेच सापडलं. पुढचे आठ दिवस सराव फक्त उजवीकडून करा. ही एक गोष्ट बदलून सुधारलेले पोट्टे मी खूप पाहिलेत.

इनपुटची पट्टी चालू करा (खर्च शून्य, वेळ 10 मिनिटं)

ट्रेनिंग मोडच्या सेटिंगमध्ये इनपुट दाखवायची सोय असते. अंगठा कुठं गेला आणि बटण कधी दाबलं गेलं ते बाण आणि खुणांच्या ओळीत दिसतं. हाडोकेनला खाली, खाली-पुढं तिरकं, पुढं आणि पंच असं जावं लागतं. शोर्युकेनला (वर उसळून मारायचा ठोसा) पुढं, खाली, तिरकं आणि पंच. मूव्ह निघाली नाही की लगेच पट्टी बघा. बहुतेक वेळा मधला तिरका बाण गायब असतो.

आता दोष अंगठ्याचा की पॅडचा? तीच मूव्ह मुद्दाम सावकाश करा, एकेका दिशेवर थांबत. सावकाश केल्यावर तिरका बाण दर वेळी येत असेल आणि घाईतच गळत असेल, तर पॅड चांगला आहे, अंगठा कोपऱ्यावरून उडी मारतोय. सावकाश करूनही कधी येतो, कधी येत नाही असं असेल तर पॅड उघडावा लागेल. याच पट्टीत पंच आधी आणि शेवटची दिशा नंतर आलेली दिसली, तर बोट अंगठ्याच्या पुढं पळतंय. मॅचमध्ये घाबरल्यावर हेच सगळ्यात जास्त होतं.

अंगठा उडी मारत असेल तर वेग कमी करून 50 वेळा स्वच्छ काढा. पाचव्या दिवशी वेग आपोआप येतो. महिना झाला तरी शोर्युकेन हाताला बसत नसेल तर स्ट्रीट फायटर 6 मध्ये मॉडर्न कंट्रोल निवडा. त्यात खास मूव्ह एका बटणावर निघते आणि तशी काढल्यावर मार 20 टक्के कमी बसतो. त्यात कमीपणा मानू नका. आधी अंतर, अडवणं आणि वेळ साधणं शिका, अंगठा नंतर शिकेल.

पॅड साफ करा (खर्च शंभर-दोनशे रुपये)

आपल्याकडे वेचणी सुरू झाली आणि जिनिंगला गाड्या लागल्या की हवेत कापसाचे तंतू उडत असतात. माझ्या दुकानात नोव्हेंबर ते फेब्रुवारी पॅडच्या तक्रारी वाढतात. एका पोराचा साधा यूएसबी पॅड उघडला तेव्हा दिशेच्या बटणाखालच्या रबरावर तंतूंची एक करडी गादीच बसली होती, नखानं उचलली तर अख्खी निघाली. त्या रबराच्या पोटाला काळ्या कार्बनची टिकली असते. ती खालच्या पट्टीला टेकली की बटण "लागतं". मधे तंतू आले की कधी टेकते, कधी नाही. तो पोरगा तीन आठवडे स्वतःच्या अंगठ्याला दोष देत होता.

पीएस-फोरच्या पॅडला मागून चार स्क्रू असतात. खोलताना बॅटरीची आणि मधल्या पट्टीची नाजूक वायर ओढली जाऊ देऊ नका. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून टिकली आणि पट्टी हलक्या हातानं पुसा, पूर्ण वाळू द्या, मग बंद करा. थिनर, पेट्रोल लावू नका, रबर फुगतं. सॅनिटायझरही नको, त्यातल्या ग्लिसरीनचा चिकटा राहतो आणि धूळ आणखी धरते.

स्वस्त पॅडवर टर्बोचं बटण असतं, ते चुकून लागलेलं नाही ना हेही पाहा. लागलं असेल तर एकदा दाबलेलं बटण दहादा दाबल्यासारखं जातं आणि कॉम्बो मधेच तुटतो.

टीव्ही (खर्च शून्य)

हे खेळ सेकंदाला 60 फ्रेमवर, म्हणजे 60 चित्रांवर चालतात. एक फ्रेम म्हणजे सुमारे 16.7 मिलिसेकंद. मोठा एलईडी टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी ते आधी स्वतःकडे थांबवून त्यावर काम करतो आणि मग दाखवतो. त्यात काही फ्रेम जातात. सिनेमा बघताना ते कळत नाही, इथं त्याच फ्रेममध्ये मार बसतो. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो, तो लावा. हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर फोनच्या स्लो मोशनमध्ये अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत धरून चित्रण करा. 240 फ्रेमच्या चित्रणात एक चित्र सुमारे 4 मिलिसेकंदांचं असतं. बटण दबल्यापासून गडी हलेपर्यंत किती चित्रं गेली ते मोजा. मग तेच एखाद्या साध्या कॉम्प्युटर मॉनिटरवर मोजा. टीव्हीवर 15-20 चित्रं जास्त लागली तर तिथेच चार-पाच फ्रेम गेल्या. गेम मोड लावूनही आकडा उतरला नाही तर जुना मॉनिटर घ्या, सेकंडहँड चालेल.

उन्हाळा आणि व्होल्टेज

हे पीसी-लॅपटॉपवर खेळणाऱ्यांसाठी. आपल्याकडचा मे महिना सांगायला नको. पंख्याचीच हवा गरम येते, तिथं लॅपटॉप काय थंड होणार? आत तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो आणि खेळ 60 फ्रेमच्या खाली येतो. मग हाताला बसलेली सगळी वेळ बिघडते. पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेमचा आकडा दिसेल अशी सेटिंग करा. तो 60 वरून हलत असेल तर खेळाची चित्रसजावट सगळ्यात खालच्या पातळीवर आणा, लॅपटॉपखाली दोन लाकडी पट्ट्या ठेवून हवा खेळू द्या, आतली धूळ काढून घ्या. गादीवर ठेवून खेळू नका.

खेड्यात शेतीच्या मोटारी सुरू झाल्या की घरचे दिवे मंद होतात. त्या वेळी टीव्ही किंवा कन्सोल मधेच बंद पडत असेल तर स्टॅबिलायझर लावा. तोवर ती वेळ टाळून खेळा.

नेट

ऑनलाइन मॅचमध्ये वेग किती यापेक्षा तो स्थिर आहे का हे महत्त्वाचं. फोनच्या हॉटस्पॉटवर पिंग (निरोप जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) क्षणात 40 तर क्षणात 200 होतो. स्ट्रीट फायटर 6 मध्ये रोलबॅक पद्धत आहे. समोरच्याचं बटण पोहोचायला उशीर झाला तर खेळ अंदाजानं पुढं जातो आणि अंदाज चुकला की मागं येऊन चित्र दुरुस्त करतो. गडी इकडून तिकडे उडी मारल्यासारखा दिसतो तो याच दुरुस्तीमुळे. राउटरला वायर लावा. समोरचा वायरवर आहे की वायफायवर याची खूण दिसते, शक्य तिथं वायरवाला निवडा. गावात ब्रॉडबँडच नसेल तर ऑनलाइन रँकच्या मागं लागू नका. त्याचा पर्याय पुढं सांगतो, आणि तो जास्त चांगला आहे.

पुतळ्याला हलवा

इथवर सगळं ठीक निघालं असेल तर यंत्राचा प्रश्न संपला. इथून पुढं मेहनत जास्त आहे, आणि बहुतेकांचा आजार इथेच सापडतो.

ट्रेनिंग मोडमधला समोरचा गडी काय करतो? उभा राहतो. मारायचं कधी ते तुम्ही ठरवता. तयार झालात की दाबता. म्हणजे हाताचा सराव होतो, पण "आता दाबायचं" हे ओळखण्याचा सराव होतच नाही. मॅचमध्ये नेमकं तेच लागतं. एकट्यानं मोकळ्या मैदानात हातपाय मारून कोणी कबड्डीची चढाई शिकत नाही, समोरची साखळी हलली पाहिजे.

डोळ्यानं पाहून बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे 12 ते 15 फ्रेम. स्ट्रीट फायटर 6 मधला ड्राइव्ह इम्पॅक्ट हा जोरदार फटका बटण दाबल्यावर 26 फ्रेमनी लागतो. हिशेबानं तो दिसल्यावर उलट ड्राइव्ह इम्पॅक्ट मारायला वेळ पुरतो. तरी पोट्टे तो खातात, कारण पाव सेकंद हा एकाच गोष्टीची वाट पाहणाऱ्या माणसाचा आकडा आहे. मॅचमध्ये तुम्ही उडी, फेकणं, खालची लाथ आणि इम्पॅक्ट या सगळ्यांची एकदम वाट पाहत असता. मन चार ठिकाणी वाटलेलं असलं की तोच हात उशिरा उठतो. म्हणून सरावातही पर्याय ठेवले पाहिजेत.

ट्रेनिंग मोडमध्ये समोरच्या गड्याची हालचाल रेकॉर्ड करता येते. वेगवेगळ्या कप्प्यांत वेगवेगळी हालचाल भरायची आणि खेळाला त्यातली कोणतीही एक चालवायला लावायची. पहिल्या कप्प्यात नुसतं पुढं-मागं चालणं. दुसऱ्यात उडी मारून लाथ. तिसऱ्यात हाडोकेन. आता तुमचं काम एकच: उडी आली की खाली पाडायची, बाकी दोन वेळा ते बटण दाबायचंच नाही. रियू किंवा केन हे गडी घेणाऱ्यांनी सुरुवातीला बसून हेवी पंच वापरा, शोर्युकेन नंतर. 20 वेळांत किती जमलं ते लिहा. चालताना किंवा हाडोकेनला चुकून दाबलं तर तीही चूक धरा.

बारावीतला एक पोरगा आहे, केन खेळतो. त्याचा कॉम्बो मी पाहिलेल्या पोट्ट्यांत सगळ्यात स्वच्छ. पण कोणीही त्याच्यावर उडी मारायचं आणि जिंकायचं. त्याला पहिल्यांदा या तीन कप्प्यांवर बसवला तेव्हा 20 मध्ये 6 जमल्या. मी शेजारी बसून पडद्याऐवजी त्याचे डोळे पाहत होतो. ते सारखे स्वतःच्या केनवर होते. उडी मारलेला गडी अर्ध्या सेकंदाहून जास्त हवेत असतो, वेळ भरपूर आहे, पण नजर तिथं नसेल तर त्याचा उपयोग काय? म्हटलं, "तुया केन कुठं जाते? तो तुयाच हातात हाये. समोरच्याच्या पायाकडं पाय." त्या दिवशी 9 झाल्या. रोज 15 मिनिटं, दहा दिवसांनी 16. त्यात एकही नवी मूव्ह तो शिकला नाही.

दुसरा सराव "समोरच्यानं अडवलं तरी दाबत सुटतो" या तक्रारीसाठी. समोरच्या गड्याचा बचाव रँडमवर ठेवा, म्हणजे कधी अडवेल, कधी नाही. तुम्ही दोन हलके फटके मारायचे आणि लागले तरच पुढचा कॉम्बो चालवायचा. अडवले तर तिथेच थांबून स्वतः बचावात जायचं. सुरुवातीला थांबणं अशक्य वाटतं, कारण अख्खा कॉम्बो एकच वस्तू म्हणून पाठ झालेला असतो. त्याचे दोन तुकडे पाडायचे आहेत: विचारणं आणि वसूल करणं.

तिसरा टेकनवाल्यांसाठी, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. टेकनमध्ये उडती लाथ, जिला सगळे हॉपकिक म्हणतात, ती लागली की गडी हवेत जातो आणि मोठा कॉम्बो बसतो. म्हणून सगळे ती सारखी मारतात. पण ती अडवली तर बहुतेक गड्यांच्या बाबतीत मारणारा 13 फ्रेम मागं पडतो, म्हणजे तुमच्यापेक्षा तेवढ्या उशिरा मोकळा होतो. तुमचा साधा जॅब (हलका ठोसा) 10 फ्रेममध्ये लागतो. म्हणजे अडवल्याबरोबर मारलेला जॅब त्याला चुकवताच येत नाही. तरी पोट्टे काय करतात? अडवतात, सुटकेचा श्वास घेतात आणि समोरच्याला दुसऱ्यांदा लाथ मारू देतात. एका कप्प्यात हॉपकिक भरा, दुसऱ्यात दोन साधे जॅब, तिसऱ्यात खालची लाथ. हॉपकिक अडवली की लगेच मारा, जॅब अडवले तर थांबा. आठवडाभरात गल्लीतला हॉपकिकवाला तुमच्यासमोर ती मारायला कचरेल.

यांतला एकच सराव एका आठवड्यात करा. मी आधी पोट्ट्यांना तिन्ही एकदम देत असे. त्यातून काहीच पक्कं झालं नाही. 20 पैकी 15 जमायला लागलं की पुढचा घ्या. आणि वेळ 15-20 मिनिटंच. त्यानंतर डोळा थकतो आणि हात पुन्हा अंदाजानं चालायला लागतो.

हरलेल्या मॅचची वही

सराव कशाचा करायचा हे मनानं ठरवू नका. दहा रुपयांची वही घ्या. हरलेल्या प्रत्येक मॅचला एक ओळ: "मला सगळ्यात जास्त कशानं मारलं?" उडी, फेकणं, खालची लाथ, कोपऱ्यात अडकणं, जे असेल ते. दहा मॅच झाल्या की वाचा. तीच गोष्ट चार-पाचदा दिसेल, आणि ती तुम्हाला वाटत होती ती नसेल. केनवाला पोरगा मला सांगायचा की त्याचा सुपर, म्हणजे सगळ्यात मोठा फटका, वेळेवर निघत नाही. त्याच्या वहीत सुपर एकदाही आला नाही, उडी सात वेळा आली.

मॅचनंतर आठवत नसेल तर पुन्हा पाहा. स्ट्रीट फायटर 6 मध्ये ऑनलाइन मॅच साठवलेल्या असतात. पीएस-फोरच्या पॅडवरचं शेअर बटण मागच्या 15 मिनिटांपर्यंतचा खेळ साठवून देतं, टेकन 7 साठी ते पुरतं. ज्यांच्याकडे टेकन 8 आहे त्यांना तर मॅच पुन्हा पाहताना मधेच ताबा घेऊन तोच प्रसंग वेगळ्या तऱ्हेनं खेळता येतो, त्याचा उपयोग करा. पाहताना फक्त तुमचा ताकदीचा बार कुठं कमी झाला तिथे थांबा आणि दोन सेकंद मागं जा. त्या दोन सेकंदांत तुम्ही काय करत होता? बहुतेक वेळा बटण दाबत होता, आणि दाबायची गरज नव्हती.

पहिला राउंड जिंकून पुढचे हरणाऱ्यांचं उत्तरही या वहीत सापडतं. पहिल्या राउंडमध्ये समोरच्यानं तुमची एक सवय पाहिली, दुसऱ्यात तिची किंमत वसूल केली. उठताना दर वेळी शोर्युकेन मारणारा पोरगा दुसऱ्या राउंडपासून हरतो, कारण समोरचा आता नुसता अडवून बसतो. आठवडाभर ठरवून उठताना काहीही दाबू नका, फक्त अडवा. कंटाळा येईल, पण समोरचा नेमका काय करतो ते पहिल्यांदा दिसेल.

एकाच माणसाशी दहा मॅच

पोट्टे "जो हरला तो उठला" असं खेळतात. मजा येते, पण हरणारा एक मॅच खेळतो आणि अर्धा तास बाकावर बसतो. शिकायची सगळ्यात जास्त गरज त्यालाच असते. आठवड्यातून एकदा दोघांनी बसून, जो आधी दहा मॅच जिंकेल तो विजयी, असं खेळा. पाचव्या मॅचनंतर दोघांच्या युक्त्या संपतात आणि खरा खेळ सुरू होतो. शेवटी समोरच्याला एकच प्रश्न विचारा: "मी काय करणार हे तुला कधी आधीच कळत होतं?" याचं उत्तर कोणतंही ट्रेनिंग मोड देत नाही.

गावात नेट नाही, मोठे खेळाडू नाहीत म्हणून हातपाय गाळणाऱ्यांना मी अर्सलान अॅशचं सांगतो. लाहोरचा हा खेळाडू 2019 मध्ये एव्हो या मारामारीच्या गेमच्या मोठ्या स्पर्धेत, आधी एव्हो जपान आणि मग लास वेगासची एव्हो, दोन्हीकडे टेकन 7 जिंकला. त्याआधी टेकनच्या जगात जपान आणि कोरियाचंच नाव घेतलं जायचं. जिंकल्यावर त्यानं सांगितलं की त्याच्याकडे घरी त्याच्यासारखेच तगडे खेळाडू आहेत. म्हणजे समोरासमोर बसून एकमेकांना घासणारा एक गट होता. तसा गट सहा पोट्ट्यांचाही चालतो, अट एवढीच की एकमेकांची चूक लपवायची नाही. आपली पोरंही पोहोचतात: 2023 मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत स्ट्रीट फायटर 5 पदकाचा खेळ होता, आणि भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले होते. घरचे "हे काय खेळणं आहे का?" म्हणतात तेव्हा हे शांतपणे सांगा, आणि अभ्यासाची वेळ पाळून सांगा.

इथे थांबा, माणूस बोलवा

पॅडवरची अंगठ्यानं फिरवायची दांडी न हलवताही गडी आपोआप एका बाजूला सरकत असेल आणि साफ करूनही थांबत नसेल तर आतला भाग झिजलाय. तो बदलायला डाग काढून नवा डाग द्यावा लागतो. सोल्डरिंगचा हात नसेल तर करू नका, बोर्डाची पट्टी उखडली की पॅड गेला. दुरुस्तीवाल्याकडे द्या, आणि नव्या पॅडच्या निम्म्याहून जास्त सांगितले तर नवाच घ्या.

टीव्ही किंवा कन्सोलचा वीजपुरवठ्याचा भाग उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात करंट साठून राहतो. लॅपटॉपची किंवा पॅडची बॅटरी फुगली असेल तर ती दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. सरळ दुकानात आणा. कन्सोलच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरची अर्थिंग तपासायला वायरमन बोलवा. तोवर खेळ बंद. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी खेळणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचा.

आता शरीराचं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखत असेल तर चार-पाच दिवस पॅड हातात घेऊ नका. तरी दुखणं राहिलं, किंवा रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येत असेल, हातातला कप सुटत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हे नस दबल्याचं लक्षण असू शकतं. तेल चोळून, पट्टी बांधून सराव चालू ठेवू नका. आमच्याकडच्या एकानं तसं दोन महिने काढलं. शेवटी डॉक्टरांनी सहा आठवडे हात बांधून ठेवला, आणि परीक्षेत लिहितानाही त्याला त्रास झाला.

शेवटचं मी पोट्ट्यांच्या घरच्यांनाही सांगतो. हरल्यावर पॅड आपटणं एखाद्या वेळी होतं. पण झोप उडालीये, शाळा-कॉलेज बुडतंय, मॅचवर पैशाची पैज लागतेय, खेळ बंद केला की जेवण सुटतंय, असं दोन आठवडे चाललं तर हा सरावाचा प्रश्न राहिला नाही. तिथं मी कोणतीही युक्ती सांगत नाही. घरी बोला. घरी बोलता येत नसेल तर सरकारच्या टेली मानस सेवेला 14416 वर फोन करा, तो फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. माझ्याकडे असा पोरगा आला तर त्या दिवशी मी त्याला मशीन देत नाही, चहा पाजतो आणि त्याच्या मोठ्या भावाला फोन लावतो.